बंपरची आतली बाजू

सलमाबादला दुपारी शटर अर्धं ओढतो आम्ही,
तरी ऊन खालून सरपटत येतं
आणि कंप्रेसरपाशी बसून राहतं.
बहारीनचा समुद्र इथून दिसत नाही.
लोखंडाला दिसतो.
रात्रभर दमट वारा, आणि सकाळी
कालच पुसलेल्या पान्यावर तांबूस थर.

गाडी सदुसष्टची, इम्पाला.
मागचा बंपर हाजी जासिम स्वतः घेऊन आले
चादरीत गुंडाळून,
तापातलं पोर आणावं तसा.
"शवय शवय," म्हणाले. म्हणजे सावकाश.

बिजू म्हणाला, ग्राइंडर मार, दहा मिनिटांचं काम.
मी माझा डबा उघडला.
चपात्यांची चांदी, भेंडीची एक बी चिकटलेली,
तिचा चुरगळून बोळा केला,
व्हिनेगरमध्ये बुडवला आणि घासायला बसलो.
ॲल्युमिनियम मऊ. क्रोमला ओरखडत नाही,
गंज मात्र अंगावर घेतं.
दोघांची मिळून करडी लापशी होते,
ती पुसायची, पुन्हा बुडवायचं.
रात्री जेवताना हाताला लोणच्याचा वास,
ताटात लोणचं नसताना.

अब्बा चिपळूणला कल्हई करायचे.
भाता माझ्याकडे.
नवसागराचा धूर डोळ्यांतून डोक्यात जायचा,
मग कापसाचा एकच फटकारा
आणि काळं पातेलं आतून पांढरंफटक.
बायका त्यात तोंड बघायच्या
आणि मग पैशांवरून भांडायच्या.
"वर कल्हई, खाली पितळ," अब्बा म्हणायचे,
"आपलं पोट त्या मधल्या फटीत."
स्टील आलं. फट बुजली.

क्रोमचंही तेच.
खाली निकेल, कधी तांबं, मग लोखंड.
हावरटासारखं घासलं की एक पिवळट डोळा उघडतो.
पितळ उघडं पडलं म्हणतात ते हेच,
फक्त इथे पितळ नसतं.
तिथे हात थांबवायचा.
खड्डे पडलेत ते पडलेत.
गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं:
गंज काढून देतो,
गेलेलं आणून देत नाही.

तिसऱ्या दिवशी बंपर उलटा केला.
ही बाजू कुणी बघत नाही,
म्हणून ती सगळी खवल्याखवल्यांची.
तारेचा ब्रश टेकवणार,
तर ब्रॅकेटच्या भोकाखाली
एक आडवी रेघ, जरा जास्तच सरळ.
गंजाला शिरोरेघ कशी असेल?
मोबाइलचा उजेड तिरपा धरला.

ल. को. गावडे
वेंगुर्ला
७-३-७८

खिळ्यानं कोरलं असणार.
ओरखड्यात गंज आधी शिरला,
बाकीच्या पत्र्यावर मागाहून, निवांत.
म्हणून अक्षरं काळी, भोवतालचं तांबडं.
शाई म्हणजे गंजच.
तो काढला की गावडे जाणार.

"हिंदी?" बिजूनं वाकून विचारलं.
नाही, म्हटलं. वेंगुर्ला.
त्याला काहीच कळलं नाही, आणि मलाही
धड सांगता येईना.

हाजींना फोन केला.
अठ्ठ्याहत्तरला गाडीचं काम कोण करायचं?
बराच वेळ एसीची घरघर.
"लोक होते," म्हणाले. "चांगले होते.
एक जण माशात काहीतरी काळं, आंबट घालायचा.
माझ्या आईनं ते मागून घेतलं होतं, पिशवीभर."
नाव?
"नाव..."
आणि पुन्हा घरघर.

बाहेरून सगळा उजळला. मेण लावलं, दोनदा.
आतून एक वीत जागा सोडली,
तिच्यावर नुसता तेलाचा हात फिरवला.
इथे राहिलं, बिजू म्हणाला.
राहू दे.
खिळा मीही उचलला होता, खोटं का बोलू.
परत डब्यात टाकला.

हाजी आले. बंपरमध्ये दाढी बघितली,
मग ओठ वर करून दात.
उलटा करून दाखव म्हणाले नाहीत.
मीही दाखवला नाही.
गाडी फाटकातून वळली
आणि वेंगुर्ला
डांबराकडे तोंड करून निघून गेलं.